देल्फीला लावलेला कौल

सिंगापुरात आमच्या बिशानच्या फ्लॅटमध्ये दोन आवाज कायमचे मुक्कामाला होते. एक समोरून जाणाऱ्या एमआरटीचा, म्हणजे इथल्या मेट्रोचा, आणि दुसरा माझ्या भावाच्या दम्याच्या यंत्राचा. गाड्यांचा आवाज इतका अंगवळणी पडला होता की पुण्याहून आलेला पाहुणा "केवढा हा आवाज!" म्हणाला की आम्ही "कसला?" असं विचारायचो. यंत्राचं तसं नव्हतं. ते जुन्या मिक्सरसारखं घरघरायला लागलं की घरातलं बाकी सगळं थांबायचं. टीव्ही बंद, फोडणी बंद, माझं मोठ्याने वाचणं बंद. दादा तोंडाला मास्क लावून सोफ्यावर, आई त्याच्या पाठीवर हात ठेवून शेजारी, आणि मी समोर जमिनीवर. रोहन त्याचं नाव, पण माझ्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणून मला तो दादा. यंत्र थांबलं की तो मास्क काढून मला डोळा मारायचा आणि खाली खेळायला पळायच्या बेतात असायचा. आई मात्र तशीच बसून राहायची. तिचा हात लवकर निघायचा नाही.

दादा मोठा होत गेला तसा त्याचा दमा मागे पडला. डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं. यंत्र कपाटावर गेलं, त्याच्यावर उशीचा जुना अभ्रा आला, आणि दादा शाळेच्या फुटबॉल संघात गेला. मग एका वर्षी धूर आला. शेजारच्या देशातल्या जंगलांना आगी लागल्या की इथे दर काही वर्षांनी धूर येतो, आम्हाला त्याचं नवल नव्हतं. पण त्या वर्षी समोरचा ब्लॉक दिसेनासा झाला. आईने खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले, एसी चालू ठेवला, दादाला घरात डांबलं. तरी एका दुपारी अभ्रा निघाला आणि यंत्र खाली आलं. दादाला तो चारदोन दिवसांचा त्रास वाटला, त्याने तो विसरूनही टाकला. आई विसरली नाही. तिने तो धूर मनात जपून ठेवला, पुढे वापरायला.

आई सिंधुदुर्गातली, कुडाळजवळच्या एका वाडीतली. बाबा पुण्याचे, कोथरूडचे, इथल्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. घरात पुण्याची भाषा चालायची, पण स्वयंपाकघरात मालवणचं राज्य होतं. आई पहाटे मार्केटला जाऊन बांगडे आणायची, तिथल्याच दुकानात यंत्रावर नारळ खवून घ्यायची, आणि डाव्या हाताने रस पिळताना उजव्या हाताने मला वेणीसाठी रिबन शोधायला सांगायची. आमच्या मजल्यावर दुपारी बाराला माशाच्या आमटीचा वास सुटला की समोरची चिनी आजी दार उघडून "व्हेरी नाइस स्मेल आह" म्हणायची आणि आई वाटी भरून द्यायची. बाबा जेवताना मालवणी आमटीला नावं ठेवायचे आणि तीनदा वाढून घ्यायचे. हा त्यांचा रोजचा खेळ होता. एकमेकांना चिडवत त्यांचा संसार बरा चालला होता असं मला आजही वाटतं.

आईच्या माहेरी कुठलंही मोठं काम कौल लावल्याशिवाय होत नसे. घर बांधायचं असो, मुलगी द्यायची असो, सगळे ग्रामदेवतेच्या देवळात जायचे. गुरव ओल्या पाकळ्या देवाच्या अंगाला डाव्या-उजव्या बाजूला चिकटवायचा, गाऱ्हाणं घालायचा, जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय महाराजा" म्हणायची, आणि मग सगळे श्वास रोखून बघत बसायचे. देवाच्या उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आम्ही सुट्टीत गेलो की बाबा देवळाबाहेर चपला सांभाळत उभे राहायचे आणि म्हणायचे, "पाणी सुकलं की पाकळी पडणारच. त्यात देवाला कशाला ओढता?" आई त्यांच्याकडे लक्षच द्यायची नाही. इथे सिंगापुरात देवळं भरपूर, पण कौल लावणारा गुरव नाही, याची तिला कायम चुटपुट होती. एवढी माणसं इथे कशाच्या भरवशावर निर्णय घेतात, असं ती खरोखरच विचारायची.

आणि निर्णय तर समोर येऊन उभा होता. इथे पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना, घेऊन राहिलेल्यांच्या मुलांना अठराव्या वर्षाच्या सुमारास दोन वर्षं सैन्यात जावं लागतं. इथल्या सगळ्याच मुलांना जावं लागतं. त्याआधी पीआर सोडून देश सोडायची वाट असते. पण तसा गेलेला मुलगा पुढे इथे शिकायला किंवा नोकरीला येऊ म्हणाला तर दार उघडेल अशी आशा धरू नये, हे प्रत्येक आईबापाला ठाऊक असतं. दादा सतरा वर्षांचा झाला होता. बाबांचं म्हणणं, मुलाने जावं. "ज्या देशाने आपल्याला घर दिलं, त्याला दोन वर्षं द्यायला काय हरकत आहे? आणि त्यांचे डॉक्टर तपासतातच की. दमा असला तर हलकं काम देतील." आईचं म्हणणं, "तपासतील तेव्हा तो ठणठणीत असेल. धूर काय त्यांना विचारून येतो? चिखलात, जंगलात त्याला लागली धाप, तर मी कुठे असणार?" यावर बाबा आवाज चढवायचे.

आईने आपल्या मनाशी सगळं ठरवून ठेवलं होतं. ती दादाला घेऊन पुण्याला जाणार, त्याचं शिक्षण होईपर्यंत तिथेच राहणार. बाबांची नोकरी इथे आणि माझी शाळा इथे, म्हणून मी बाबांजवळ. कागदावर हा हिशोब सुरेख बसत होता. मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि मला आई हवी होती, याहून जास्त शहाणपणाचं काही माझ्या डोक्यात नव्हतं. दादा गेला की आई जाणार, दादा राहिला की आई राहणार. म्हणून मी रोज देवापाशी म्हणायचे की दादा सैन्यात जाऊ दे. दादालाही तेच हवं होतं. "माय होल क्लास गोइंग, आई," तो म्हणायचा. "एव्हरीबडी आल्सो गो. आय स्टे होम फॉर व्हॉट?" त्याला मराठी सगळी समजायची, पण उत्तर द्यायचा ते असं. आणि आई त्याचं उत्तर मोजायचीच नाही, जणू ते दुसऱ्या कुणाला दिलेलं होतं.

ग्रीसचं वेड दादाचं. बिशानच्या लायब्ररीतून तो ग्रीक देवांच्या गोष्टींची जाड पुस्तकं आणायचा आणि मला रात्री जेवताना सांगायचा, कुठल्या देवाने कुणाला गिळलं, कुणाचं काळीज कुठल्या पक्ष्याने खाल्लं. आई म्हणायची, जेवताना तरी काळीज नको. त्या वर्षी बाबांच्या बँकेची अथेन्सला आठवडाभर बैठक होती आणि आमची जूनची सुट्टी. बाबांनी आम्हा तिघांची तिकिटं स्वतः काढली. मला वाटतं, चौघं मिळून एकदा कुठेतरी लांब जावं, म्हणजे भांडण मागे राहील, अशी त्यांची भाबडी समजूत असावी. भांडण आमच्या सामानाबरोबर विमानात चढलं. अथेन्समध्ये हॉटेलच्या खोलीत आईबाबा एकमेकांशी फक्त पासपोर्टांबद्दल बोलत होते.

बैठक संपल्यावर बाबांना एक दिवस मोकळा होता, आणि त्या दिवशी आम्ही देल्फीच्या बसमध्ये बसलो. सकाळी निघून संध्याकाळी परत. शहर सुटलं, मग कापसाची शेतं लागली, मग रस्ता डोंगरात शिरला. इतके उघडे डोंगर मी कधी पाहिले नव्हते. सिंगापुरात डोंगर म्हणजे एक टेकडी आणि तिच्यावर दाट झाडी. इथे नुसता राखाडी दगड, आणि त्यावर कुणी मुठीने फेकावीत तशी झुडपं. आमची गाइड एलेनी म्हणून एक पन्नाशीतली बाई होती, आवाज घोगरा, पायात जाड बूट. तो पर्वत पार्नासस, ती म्हणाली. झ्यूस देवाने पृथ्वीच्या दोन टोकांवरून दोन गरुड सोडले, ते जिथे भेटले ती जागा म्हणजे देल्फी, पृथ्वीची नाभी. तिथे एक अजगर राखण करत होता, त्याला अपोलो देवाने मारलं आणि आपलं देऊळ थाटलं. मग राजे-महाराजे, व्यापारी, निपुत्रिक बायका, सगळे आपापला प्रश्न घेऊन तिथे येऊ लागले, आणि देवाची एक बाई आत बसून देवाचं उत्तर सांगायची.

आई तोवर खिडकीबाहेर बघत होती. आता ती माझ्या अंगावरून वाकून ऐकायला लागली. एलेनी म्हणाली, प्रश्न विचारण्याआधी एका बकऱ्यावर थंड पाणी शिंपडायचे. बकरा थरथरला, तर देव उत्तर द्यायला तयार. नाही थरथरला, तर परत जा.

"आमच्याकडे हेच करतात!" आई मोठ्याने म्हणाली. इतक्या दिवसांत तिचा असा आवाज निघाला नव्हता. "रोहन, सांग तिला. आमच्या गावीसुद्धा पाणी शिंपडतात बकऱ्यावर. थरथरला की देवाने मानलं."

दादाने सांगितलं. एलेनीने हसून आईला नमस्कारासारखी मान लववली. बाबा मागच्या सीटवरून म्हणाले, "थंड पाणी टाकलं तर मीही थरथरेन."  आई एलेनीकडेच बघत होती.

मग दादाने मला एक गोष्ट सांगितली, आईलाही ऐकू जाईल अशी. एका अतिश्रीमंत राजाने देल्फीला विचारलं, शेजारच्या राजावर चाल करू का? उत्तर आलं, नदी ओलांडलीस तर एक मोठं राज्य लयाला जाईल. राजा खुशीत निघाला आणि लढाईत हरला. लयाला गेलं ते त्याचंच राज्य. "सो द आन्सर वॉज करेक्ट," दादा म्हणाला. "ही ओन्ली हर्ड व्हॉट ही वॉन्टेड." आई म्हणाली, "राजाने नीट विचारायला हवं होतं." एवढंच. पण बस थांबेपर्यंत तिचे ओठ हलत होते. ती नीट कसं विचारायचं त्याची तयारी करत होती, हे मला तेव्हा उमगलं नाही.

देल्फीला उतरल्यावर रस्त्याकडेला एक झरा होता. वर दोन उभे कडे, उन्हात डोळे दिपवणारे, आणि त्यांच्या फटीतून येणारं पाणी. पूर्वी यात्रेकरू इथे अंग धुऊन वर जायचे, एलेनी म्हणाली. आईने सँडल काढले, पाय धुतले, तोंड धुतलं, आमच्या तिघांच्या हातांवर पाणी घातलं आणि बाटली भरून घेतली. रस्त्याच्या कडेने कण्हेर फुलली होती, गुलाबी. आपलीच कण्हेर, आपल्याच पानांची, इतक्या लांब. आईने दोन फुलं तोडली आणि रुमालात बांधली. मला वाटलं, ती ओळखीचं काहीतरी भेटलं म्हणून घेतेय.

वर जायचा रस्ता नागमोडी होता. दोन्ही बाजूंना पडके चौथरे, नुसते पाये, तुटक्या खांबांचे गोल तुकडे, आणि दगडांवर इतकी बारीक कोरीव अक्षरं की बाबासुद्धा चष्मा पुसून बघत राहिले. कुठल्या गावाने देवाला काय दिलं त्याच्या जागा फक्त उरल्या होत्या. देवळाचे मोजके खांब उभे होते, आत आभाळ. खाली दरीत ऑलिव्हची झाडं थेट समुद्राच्या पट्टीपर्यंत. सुंदर होतं, असं सगळे म्हणत होते. मला मात्र तिथे रडू येत होतं. एवढे लोक एवढे प्रश्न घेऊन आले, त्यांची उत्तरं त्यांना मिळाली, आणि त्यांच्यातलं कुणीही उरलं नाही. मी दादाचा हात धरला. एवढ्या मोठ्या बहिणीने हात धरला म्हणून तो लाजला नाही, त्याने तो तसाच धरून ठेवला.

देवळाच्या अलीकडे रस्त्याकडेला एक दगड होता, कमरेएवढा, वरून घुमटासारखा गोल. ही नाभी, एलेनी म्हणाली. खरी नक्षीची वस्तुसंग्रहालयात आहे, ही साधी. फोटो काढून आमच्या बसमधली मंडळी जुन्या दगडी नाट्यगृहाकडे वर चढली. आम्ही चौघं मागे राहिलो, कारण आई हलेना. तिने रुमाल सोडला. बाटलीतल्या पाण्याने दोन पाकळ्या भिजवल्या आणि दगडाच्या दोन बाजूंना चिकटवल्या, अगदी गुरव चिकटवतो तशा, अंगठ्याने दाबून. बाबांना आता कळलं. "अगं, तू वेडी झाली आहेस का? हा काय आपला देव आहे?" आई म्हणाली, "देव तो देव. इथे आलेल्याला तो उत्तर देतो, तुमच्या त्या बाईनेच सांगितलं." मग तिने पदर नव्हता म्हणून ओढणी डोक्यावरून घेतली, हात जोडले, आणि भर उन्हात, तिच्या आजोबांच्या वाडीतल्या भाषेत गाऱ्हाणं घालायला लागली.

"बा देवा महाराजा, आमी लांबसून इलंव. तुझी वळख नाय, तुझी भाषा नाय. तरी तुझ्या दारात उभी रवलंय."

तिने आमच्याकडे पाहिलं. गाऱ्हाण्याला होकार देणारं कुणीतरी लागतं, नाहीतर ते पुरं होत नाही. मी म्हणाले, "व्हय महाराजा." आणि माझ्या पाठोपाठ, हळू, मान खाली घालून दादा म्हणाला, "व्हय महाराजा." आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यानंतर कधी पाहिलं नाही.

"ह्यो माझो झील. तेका माझ्यावांगडा घराकडे न्हेव की सिंगापुरातच ठेवू, तां तूच सांग. उजवो कौल दिलंस तर न्हेतंय. डावो दिलंस तर ठेवतंय. जा काय चुकला माकला आसात, ता पोटात घे महाराजा."

"व्हय महाराजा," आम्ही दोघं म्हणालो. बाबा निघून मात्र गेले नाहीत. आम्ही चौघं त्या दगडाकडे बघत उभे राहिलो. ऊन इतकं होतं की पाकळ्यांच्या कडा डोळ्यांदेखत वळायला लागल्या. तेवढ्यात वरून कर्कश शिट्टी आली. दगडांना हात लावू नका म्हणून तिथले राखणदार शिट्ट्या वाजवतात, त्यातला एक हात हलवत खाली येत होता. आम्ही दचकलो, आणि आम्ही वर बघतोय तोच दादा म्हणाला, "इट ड्रॉप्ड." आईच्या डाव्या हाताकडची पाकळी खाली मातीत पडली होती. दुसरी तिथेच चिकटून होती.

"उजवा," आई म्हणाली आणि तिथेच खाली बसली. "देवाचा उजवा. माझ्या डाव्या हाताला म्हणजे देवाचा उजवा हात." ती रडायला लागली. मला वाटतं, तिला उत्तर मिळालं याचंच ते रडू होतं. मलाही रडू आलं, कारण आई जाणार हे देवाने सांगितलं होतं.

आणि मग बाबा, ज्यांनी आयुष्यभर देवळाबाहेर चपला सांभाळल्या, ते पुढे आले. "कशावरून?" ते म्हणाले. "मूर्तीला तोंड असतं, म्हणून तिला उजवं-डावं असतं. याला तोंड कुठाय? तुझ्याकडेच तोंड आहे हे कुणी सांगितलं? देऊळ त्या तिकडे, वर आहे. दगड देवळाकडे बघत असणार. म्हणजे जिकडे तू बघत होतीस तिकडेच. मग तुझी डावी तीच त्याची डावी. नकार आहे हा. सरळ सरळ नकार."

"देव माणसाकडेच बघतो," आई म्हणाली. "देवळाकडे कशाला बघेल? देऊळ काय त्याला नवीन आहे?"

"पण ही नाभी आहे! देव आत होता, हा नुसता दगड आहे बाहेरचा."

"मग नुसत्या दगडाचा नकार तुम्हाला कसा चालतो?"

राखणदार येऊन पोचला होता. त्याने उरलेल्या पाकळीकडे बोट दाखवलं, काहीतरी रागाने म्हणाला, आणि माझ्या आईबाबांच्या तोंडाकडे बघून तिथेच थांबला. त्या दोघांना तो दिसतच नव्हता. बाबा दगडाभोवती फिरून दिशा दाखवत होते, सूर्य कुठे, समुद्र कुठे, दार कुठे, आणि आई प्रत्येक दिशेला मान हलवून नाही म्हणत होती. घरात जेवढं भांडण झालं होतं त्याहून हे वाईट होतं. घरात निदान ते दादाबद्दल भांडत होते. कौल लावायच्या घाईत आईने एक गोष्ट पाहिली नव्हती, आणि बाबांना ती आयती सापडली होती. त्या दगडाला खरोखरच तोंड नव्हतं. त्यापुढे उभं राहील त्याच्या मनात असेल तिकडेच तो बघत होता.

दादाने पुढे होऊन ती दुसरी पाकळी स्वतःच्या हाताने काढली आणि राखणदाराला "सॉरी, सर" म्हणाला. मग तो आईसमोर उकिडवा बसला. आणि आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्याशी सबंध मराठीत बोलला. शब्द साधे होते, लहान मुलासारखे.

"आई, मी जातो. पुण्याला जातो मी. मावशीकडे राहतो. पण तू नाही यायचं."

"म्हणजे?"

"तू सिंगापुरात राहा. बाय लहान आहे." बाय म्हणजे मी, आई मला बाय म्हणायची. "देव काय म्हणाला मला माहीत नाही. हे मी म्हणतोय."

"रोहन," बाबा म्हणाले, "तुला जायचं नाहीये. यू वॉन्टेड टू—"

"बाबा, इनफ लाह," दादा म्हणाला, न चिडता. "आय स्टे, शी विल बी स्केअर्ड टू इयर्स. आय गो विथ हर, यू टू आर फिनिश्ड. दिस वे ओन्ली वन पर्सन गो."

माझ्या मनात पहिल्यांदा जो आला तो आनंद होता. आई राहणार. तो किती वेळ टिकला मला सांगता येणार नाही, फार नाही. मग मी दादाकडे पाहिलं. तो उभा राहून गुडघ्यांची माती झटकत होता, आणि दरीकडे बघत होता. त्याला देल्फी पाहायची होती, किती वर्षांपासून. त्याने त्यातलं पुढे काहीही पाहिलं नाही. आम्ही नाट्यगृहाकडे वर गेलोच नाही, खाली बसपाशी जाऊन बसलो.

परतीच्या वाटेवर डोंगरातल्या एका गावी जेवायला बस थांबली. भाजलेलं बकऱ्याचं मांस, लिंबू पिळलेले बटाटे, जाड पाव. आईने दादाच्या ताटात स्वतःच्या ताटातला सगळ्यात चांगला तुकडा टाकला आणि त्याने तो खाल्ला, तिला वाईट वाटू नये म्हणून. बाबा बिल देताना दोनदा चुकले. कुणीही त्या दगडाबद्दल पुन्हा बोललं नाही, त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही नाही. मी आज सिंगापुरातच, सेंगकांगच्या माझ्या घरात बसून हे लिहितेय, आई पलीकडच्या खोलीत झोपली आहे, आणि तिला मी विचारलं तर ती म्हणेल, कुठला दगड? तिला आठवत नाही असं मात्र मला वाटत नाही.

दादा त्या वर्षाअखेर पुण्याला गेला. मावशीकडे राहिला, शिकला, नोकरीला लागला, तिथलाच झाला. मराठी आता माझ्याहून चांगली बोलतो, मला हसतो. दोनदा त्याने इथे नोकरीसाठी खटपट केली आणि दोनदा नकार आला. त्याने ते आईला कळू दिलं नाही, मला सांगितलं. बाबा वारले तेव्हा तो आला, चांगी विमानतळावर परक्यांच्या रांगेत उभा राहून. बाबांनी शेवटपर्यंत कधी आईला बोल लावला नाही. पण माशाच्या आमटीला नावं ठेवणं त्यांनी त्या प्रवासानंतर सोडून दिलं होतं. ते मुकाट्याने जेवायचे. आईला तो चांगुलपणा सोसत नसे, हे मला खूप उशिरा समजलं.

पण मला सांगायचं आहे ते दादा गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षातलं. आमच्या शेजारच्या जुन वेईला सैन्यात जायचा दिवस आला. तो दादाच्याच वर्गातला. पहिल्या दिवशी मुलांबरोबर घरच्यांनाही तेकाँग बेटावर नेतात, बोटीने. मुलं कुठे राहणार, काय खाणार ते दाखवतात आणि दुपारी परत पाठवतात. जुन वेईचे वडील बोटीवर इंजिनिअर होते, ते तेव्हा समुद्रात. त्याची आई आमच्या दारात येऊन आईला म्हणाली, "यू कम लाह. आय अलोन, आय शुअर क्राय." आई नको म्हणेल असं मला वाटलं होतं. ती आत गेली आणि चांगली साडी नेसून आली. मीही गेले.

बेटावर सगळं स्वच्छ, आखीव, हिरवं होतं. पलंगांच्या रांगा, घड्या घातलेली पांघरुणं. आईने एका पलंगावरची चादर हाताने दाबून पाहिली. दवाखाना कुठे आहे ते तिने विचारलं, आणि दाखवला तेव्हा आत डोकावून बघितलं. दारातच, पहिल्या टेबलावर, दम्याचं यंत्र होतं, आमच्यापेक्षा नवं आणि लहान. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मी तिला हाक मारली तेव्हा ती "हो, हो" म्हणाली आणि आमच्याबरोबर चालायला लागली.

मुलांनी शपथ घेतली. कपडे अजून घरचेच, केस अजून घरचेच. जुन वेईच्या आईने ठरल्याप्रमाणे रडून घेतलं. मग सगळ्यांना जेवायला नेलं. जेवणघराच्या खिडकीतून धक्का दिसत होता. एक तरुण अधिकारी टेबलाटेबलापाशी जाऊन चौकशी करत होता, गोड चेहऱ्याचा, फार तर पंचविशीचा. आमच्यापाशी आला आणि आईला म्हणाला, "आंटी, विच वन इज युवर सन?"

आईने समोरच्या मुलांच्या रांगेकडे पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. जुन वेईची आई काहीतरी सांगायला गेली, पण तोवर आई म्हणाली, "ही डिड नॉट कम."

"ओह, लेट आह?" तो अधिकारी म्हणाला. "नेव्हर माइंड, आंटी. नेक्स्ट बोट कमिंग."

"थँक यू," आई म्हणाली.

तो पुढच्या टेबलाकडे गेला. मी आईचा हात धरायला गेले, पण ती उठून खिडकीपाशी गेली होती. थोड्या वेळाने खरंच बोट आली. पोरं उतरायला लागली, पाठीवर पिशव्या, मागे आया, बाप, आज्या. आई काचेला हात टेकवून एकेकाचा चेहरा बघत होती. शेवटचा मुलगा उतरून बोट रिकामी होईपर्यंत ती तिथून हलली नाही.